हॅम : मंद आचेची मेजवानी आणि तिची शिस्त

तळेगाव दाभाडे हे गाव एकेकाळी सेनापती दाभाडे यांच्या घराण्यामुळे, १९०८ साली सुरू झालेल्या पैसा फंड काच कारखान्यामुळे आणि निरोगी हवेमुळे ओळखले जाई. गेल्या दोन दशकांत त्याची ओळख पालटली. २००८ मध्ये जनरल मोटर्सचा प्रकल्प येथे उभा राहिला, २००९ मध्ये शेजारच्या चाकण परिसरात फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. जनरल मोटर्सचे येथील उत्पादन २०२० अखेर थांबले आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो प्रकल्प घेण्याचा करार केला. कारखान्यांची नावे बदलली, तरी त्यांच्या निमित्ताने आलेली माणसे या पट्ट्यात स्थिरावली. गोवा, केरळ आणि ईशान्य भारतातील कुटुंबे, तसेच काही वर्षांच्या नेमणुकीवर आलेले जर्मन आणि कोरियन अभियंते आज पिंपरी-चिंचवड ते तळेगाव या टापूत राहतात. देहूरोडची लष्करी वसाहत आणि पुण्याचा कॅम्प यांमुळे ख्रिस्ती वस्ती या भागाला पूर्वीपासूनच नवी नाही.

डिसेंबर उजाडला की यांपैकी अनेक घरांत एका पदार्थाची चर्चा सुरू होते. तो पदार्थ म्हणजे हॅम : डुकराची मागची अखंड मांडी, मिठात मुरवलेली, ओव्हनमध्ये चार-पाच तास मंद आचेवर तापवलेली आणि वरून गोड-आंबट पाकाचा चकचकीत लेप दिलेली. केकप्रमाणे हा पदार्थ दर आठवड्याला करून हात बसवता येत नाही. वर्षातून एकदाच महागडा मांसखंड आणला जातो, पंधरा-वीस पाहुणे जेवायला यायचे असतात आणि घरातील ओव्हन बहुधा लहान असतो. चूक झाली तर मांस वाया जाते; मोठी चूक झाली तर पाहुण्यांच्या प्रकृतीवर बेतते. म्हणूनच या पदार्थाची माहिती नीट करून घेणे अगत्याचे ठरते.

हॅम म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतील ‘हॅम’ हा शब्द मुळात गुडघ्यामागच्या लवणीचा वाचक आहे. पुढे तो जनावराच्या मांडीसाठी आणि मग खारवलेल्या डुकराच्या मांडीसाठी रूढ झाला. ताजी, न खारवलेली मांडी ही ‘पोर्क लेग’ होय. तिला हॅम म्हणत नाहीत. मीठ, थोडी साखर आणि सोडियम नायट्राइट यांत ती मुरली की तिचे हॅम होते. काही प्रकारांत त्यानंतर लाकडाची धुरी दिली जाते.

नायट्राइटचे काम दुहेरी असते. मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी त्याची प्रक्रिया होऊन शिजल्यावरही हॅमचा गुलाबी रंग टिकतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे काम म्हणजे बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेस कारण ठरणाऱ्या जिवाणूला ते वाढू देत नाही. गुलाबी रंग पाहून हॅम कच्चा राहिला, असा समज अनेकांचा होतो. तो चुकीचा आहे. त्याचप्रमाणे गुलाबी रंग म्हणजे हॅम शिजलेला आहे, असेही समजू नये. रंगावरून काहीच ठरत नाही, हा या स्वयंपाकाचा पहिला धडा.

मांडी खारवण्याची ही कला फार जुनी आहे. रोमन मुत्सद्दी केटो याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात मांड्या मिठात घालण्याची रीत नोंदवली आहे. इटलीतील पार्मा, स्पेनमधील सेरानो आणि पोर्तुगालमधील ‘प्रेझुंतु’ हे तिचे आजचे वारसदार. हे प्रकार महिनोन् महिने वाळवलेले असतात, त्यांचे पातळ काप न शिजवताच खातात. ओव्हनमध्ये लेप देऊन भाजावयाचा हॅम तो हा नव्हे. इंग्लंड, अमेरिका, स्वीडन या देशांत नाताळच्या वा ईस्टरच्या टेबलावर येणारा खारवलेला, दमट आणि मऊ हॅम हा त्याचा नमुना होय.

कोकणाने मांडीऐवजी मसाला निवडला

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत, त्यांच्या ताब्यात होती. डुकराचे मांस त्यांच्या आहारात मुख्य होते. तरीही गोव्यात वा वसईत अखंड हॅम वाळवण्याची परंपरा स्पेन-पोर्तुगालप्रमाणे रुजली नाही. याचे कारण हवामानात आहे. हाडासह अखंड मांडीत मीठ आतपर्यंत पोहोचण्यास कित्येक आठवडे लागतात आणि तेवढा काळ मांस पाच-सहा अंश तापमानात राहावे लागते. डोंगराळ युरोपातील हिवाळा हे काम फुकट करून देतो. कोकणातील दमट उष्म्यात मीठ हाडापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मांस हाडाच्या बाजूने नासू लागते.

मग तेथील स्वयंपाक्यांनी मार्ग काढला तो मांस लहान तुकड्यांत कापण्याचा. तुकड्यात मीठ लवकर शिरते आणि माडाच्या ताडीचे व्हिनेगर, मिरची, लसूण यांची जोड मिळाली की मांस टिकते. वाइन आणि लसणीच्या पोर्तुगीज मुरवणीपासून ‘विंदालू’ जन्मला, आतड्यात भरलेल्या मसालेदार मांसाचे ‘चोरीस’ झाले आणि सोरपोतेलाने सणाचे ताट व्यापले. वसई, वांद्रे, साष्टी येथील ईस्ट इंडियन समाजात इंदयाल, सोरपोतेल आणि फुगे हे नाताळाचे मानकरी आहेत. म्हणजेच आजच्या विंदालूमागे ‘येथे हॅम टिकत नाही’ हा जुना अनुभव उभा आहे.

घाटावर हॅम आला तो प्रामुख्याने इंग्रजांच्या छावण्यांबरोबर. १८१७ नंतर पुणे आणि खडकी येथे लष्करी तळ वसले, तेथील बंगल्यांत आयात केलेला हॅम शिजू लागला. शीतगृहे आल्यावरच तो या हवेत खारवणे शक्य झाले. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र व राज्य सरकारांनी पंचवार्षिक योजनांतून डुक्करपैदास केंद्रे आणि बेकन कारखाने काढले. मुंबईतील बोरिवली, उत्तर प्रदेशातील अलीगढ, पश्चिम बंगालमधील हरिणघाटा, आंध्रातील गन्नवरम आणि केरळमधील कूत्ताट्टुकुळम ही त्यांपैकी काही ठिकाणे. ‘लार्ज व्हाइट यॉर्कशायर’ आणि ‘लँडरेस’ या विदेशी जातींची पैदास याच धोरणातून वाढली.

महाराष्ट्रात मात्र हा व्यवसाय मर्यादितच राहिला. गावगाड्यात डुक्करपालन वडार, कैकाडी अशा समाजांकडे होते आणि त्यापोटी त्यांच्या वाट्याला अवहेलनाही आली. आजही देशातील डुकरांचा मोठा हिस्सा ईशान्य भारतात आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या ९० लाख ६० हजारांच्या आसपास भरली. आधीच्या गणनेपेक्षा ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. त्यातील सुमारे २१ लाख एकट्या आसामात होती. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर या रोगाने भारतात शिरकाव केला. हा रोग माणसाला होत नाही, पण कळप नष्ट करतो. त्यामुळे चांगला हॅम हवा असल्यास तो आधी सांगून ठेवावा लागतो.

खरेदी करताना तीन प्रश्न

तळेगावातील रहिवाशांना हॅमसाठी बहुधा पुण्याच्या कॅम्पातील कोल्ड स्टोरेजचा वा मुंबईचा रस्ता धरावा लागतो. दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हॅम पूर्ण शिजवलेला आहे की केवळ खारवलेला? दोन्ही दिसायला सारखेच असतात, मात्र पहिला फक्त गरम करावयाचा असतो आणि दुसरा शिजवावा लागतो. वेष्टनावर याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो कच्चा आहे असेच धरून चालावे.

दुसरा प्रश्न : हाडासह की हाडाविना? हाडासह हॅमला चव अधिक, शिवाय उरलेले हाड सुपाला उपयोगी. हाडाविना दाबून बांधलेला हॅम कापायला सोपा, परंतु त्यात पाणी भरलेले असण्याचा संभव अधिक.

तिसरा प्रश्न : वजन किती? शंभर किलोच्या आसपासच्या डुकराची अखंड मागची मांडी आठ-दहा किलो भरते. हाडासह हॅम माणशी २५० ते ३०० ग्रॅम धरला, तर चार किलोंचा अर्धा हॅम बारा ते पंधरा जणांना पुरतो. लहान कुटुंबाने अखंड मांडीच्या मोहात पडू नये.

याखेरीज वेष्टनावरील अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, तारीख आणि साठवणुकीचे तापमान पाहून घ्यावे. मावळच्या डोंगरपट्ट्यात रानडुकराचे मांस गुपचूप मिळते असे कोणी सांगितले, तरी त्याच्या वाटेस जाऊ नये. रानडुकराला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि परवानगीविना शिकार हा गुन्हा आहे. शिवाय त्या मांसाची तपासणी कोणी केलेली नसते.

गोठण उतरवणे आणि खारटपणा

गोठवलेला हॅम ओट्यावर ठेवून वितळवणे ही सर्रास होणारी चूक आहे. बाहेरचा थर तासाभरात उबदार होतो आणि आतील भाग बर्फच राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो. मांस त्या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितके बरे. म्हणून हॅम फ्रीजमध्येच, खाली परात ठेवून वितळवावा. दर दोन-सव्वादोन किलोंना एक दिवस असा हिशेब धरल्यास चार किलोंना दोन दिवस आणि अखंड मांडीला जवळजवळ चार दिवस लागतात. नाताळच्या आदल्या रात्री फ्रीझरमधून काढलेला हॅम दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर येऊ शकत नाही.

खारटपणाचा अंदाज घेण्यासाठी कडेचा छोटा काप कढईत परतून चाखावा. फार खारट लागल्यास हॅम थंड पाण्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा आणि पाणी एकदा बदलावे. काही घरांत तो आधी पाण्यात मंद उकळून घेण्याची पद्धत आहे. तळेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. त्यामुळे मुंबईच्या पुस्तकी वेळेत थोडी भर घालावी लागते. ओव्हनमधील कोरड्या आचेवर मात्र या उंचीचा म्हणावा असा परिणाम होत नाही.

ओव्हन आधी मोजावा

शहरी घरांत सर्वत्र दिसणारा ‘ओटीजी’ २५ ते ३० लिटरांचा असतो. त्यात चार किलोंचा अर्धा हॅम जेमतेम बसतो, अखंड मांडीला ५० लिटरांहून मोठा ओव्हन लागतो. खरेदीला जाण्यापूर्वी आतील लांबी, रुंदी आणि उंची फूटपट्टीने मोजून नेणे हे शहाणपणाचे. हॅमचा माथा आणि वरील तापणारी कांब यांत किमान चार-पाच सेंटिमीटर अंतर हवे. नाही तर वरचा भाग जळतो आणि आतला थंड राहतो.

ओटीजीची आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. बहुतेक यंत्रांचा टायमर साठ मिनिटांचा असतो आणि वेळ संपताच ओव्हन बंद होतो. चार तासांच्या कामात तो विसरला गेला, तर तास-दोन तास हॅम कोमट अवस्थेत पडून राहतो. ही सर्वांत धोक्याची स्थिती. दुसरे असे की बटणावरील आकडा आणि आतील प्रत्यक्ष तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असू शकतो. ओव्हनमध्ये टांगावयाचा साधा थर्मामीटर आणि मांसात खुपसावयाचा सुईचा थर्मामीटर या दोन वस्तू मोठ्या खर्चाच्या नाहीत आणि त्यांच्याविना हे काम अंदाजपंचे होते. यंत्र स्वतंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावे. त्याच सॉकेटवर गीझर वा इस्त्री जोडू नये.

ओव्हन अगदीच अपुरा असेल, तर बेकरीची भट्टी हा जुना पर्याय आहे. दिवाळीत नानकटाईचे पीठ घेऊन बेकरीत जाण्याची रीत महाराष्ट्रातील घरांना ठाऊक आहे. मात्र मांस, त्यातही डुकराचे, घेण्यास भट्टीवाला नकार देऊ शकतो आणि तो त्याचा अधिकार आहे. त्याला आधी स्पष्ट सांगूनच विचारावे. झाकलेला डबा ‘केक’ म्हणून देऊ नये. त्याच भट्टीतून इतरांचा पाव जात असतो.

मंद आच कशासाठी?

मोठा मांसखंड बाहेरून आत तापतो आणि उष्णतेचा हा प्रवास संथ असतो. ओव्हन २०० अंशांवर ठेवला, तर गाभा ६० अंशांवर पोहोचेपर्यंत बाहेरचा दोन-तीन बोटांचा थर ८० अंशांच्या पुढे जातो. मांसातील प्रथिने ६५ अंशांपुढे जोराने आकसतात आणि आतील पाणी पिळून बाहेर टाकतात. परिणामी बाहेरचा भाग चोथट होतो. आच १२० ते १३५ अंशांवर ठेवल्यास बाहेरील आणि आतील तापमानात फरक कमी राहतो. सांध्यांजवळच्या कठीण ऊतींचे हळूहळू जिलेटिन बनते आणि काप मऊ निघतो.

येथे एक मर्यादा काटेकोर पाळावी. इतकी मंद आच फक्त पूर्ण शिजवलेल्या हॅमसाठी आहे. कच्च्या, शिजवून खावयाच्या हॅमसाठी ओव्हन १६३ अंशांपेक्षा खाली ठेवू नये, असा अमेरिकी कृषी खात्याचा दंडक आहे, कारण मंद आचेवर गाभा जिवाणूंच्या पट्ट्यात फार काळ रेंगाळतो. ताज्या पोर्क लेगला तर मीठ व नायट्राइटचे संरक्षणही नसते.

तापमानाचे गणित असे :

- कारखान्यात शिजवून बंद केलेला, वेष्टन न फोडलेला हॅम : गाभ्यात ६० अंश.
- दुकानात उघडून कापून दिलेला शिजवलेला हॅम : गाभ्यात ७४ अंश.
- केवळ खारवलेला, कच्चा हॅम : गाभ्यात ६३ अंश आणि त्यानंतर किमान तीन मिनिटांची विश्रांती.

वेळेचा अंदाज : १६३ अंशांवर शिजवलेल्या अर्ध्या हॅमला किलोमागे ४० ते ५३ मिनिटे, तर कच्च्या अर्ध्या हॅमला ४८ ते ५५ मिनिटे. १३० अंशांच्या आसपास शिजवलेल्या हॅमला किलोमागे साधारण एक तास धरावा. हे सारे आकडे केवळ नियोजनासाठी आहेत. अंतिम निर्णय थर्मामीटरचा. त्याची सुई सर्वांत जाड भागात, परंतु हाडाला न टेकवता खुपसावी. हाडाला टेकलेली सुई गाभ्याचे खरे तापमान सांगत नाही.

प्रत्यक्ष कृती

चार किलोंचा, बंद वेष्टनातील शिजवलेला अर्धा हॅम दुपारी एक वाजता वाढावयाचा असेल, तर वेळापत्रक उलटे मांडावे. मध्यरात्रीच्या मिस्साला जाऊन आलेल्या घराला सकाळी सातला उठावे लागेल, हे ओघानेच आले.

सकाळी सातच्या सुमारास हॅम फ्रीजबाहेर काढून पुसून घ्यावा. वरची जाड कातडी सुरीने सोडवून काढावी, मात्र तिच्याखालील चरबीचा अर्धा ते एक सेंटिमीटर थर राहू द्यावा. या चरबीवर शंकरपाळ्यासारख्या तिरप्या चौकटी आखाव्यात. सुरी मांसात उतरू देऊ नये, अन्यथा रस वाहून जातो. पावणेआठला ओव्हन १३० अंशांवर तापत ठेवावा. हॅम कापलेली बाजू खाली करून खोलगट ट्रेमध्ये ठेवावा, तळाशी कपभर पाणी वा संत्र्याचा रस ओतावा आणि वरून अॅल्युमिनियम फॉइल घट्ट लपेटावी. आठ वाजता ट्रे आत जावा. ओटीजीत या टप्प्यावर केवळ खालची कांब चालू ठेवावी. दार वारंवार उघडू नये. दर वेळी आतील उष्णता निसटते.

साडेअकरापासून तापमान तपासावे. बाराच्या सुमारास गाभा ५२ ते ५५ अंशांवर आला, की फॉइल काढून लेपाची वेळ झाली. लेप दिल्यावर ओव्हन १९० ते २०० अंशांवर न्यावा आणि वीस-तीस मिनिटे भाजावे. गाभ्याने ६० अंश गाठल्याची खात्री करून साडेबाराला हॅम बाहेर काढावा आणि फॉइलचा सैल तंबू करून अर्धा तास तसाच ठेवावा. या काळात आतील उष्णता सारखी पसरते व रस स्थिरावतो. लगेच कापल्यास तो रस ट्रेमध्ये जमा होतो.

लेप : गुळाला अधिक न्याय

परदेशी कृतींत तपकिरी साखर, मध वा मेपलचा पाक सांगितलेला असतो. महाराष्ट्रातील घराला त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. कोल्हापुरी गूळ हे काम उत्तम करतो आणि डिसेंबरात नागपुरी संत्रे बाजारात असतेच.

चार किलोंच्या हॅमला २०० ग्रॅम चिरलेला गूळ, अर्धी वाटी संत्र्याचा रस, दोन मोठे चमचे वाटलेली मोहरी, दोन मोठे चमचे व्हिनेगर, चमचाभर आल्याचा रस आणि चिमूटभर मिरपूड पुरते. गूळ रसात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात उसाची कसपटे राहिलेली असतात. मग मोहरी वगळता इतर जिन्नस घालून एकतारी पाकाच्या किंचित अलीकडे आटवावे आणि खाली उतरवून मोहरी मिसळावी. पाक पुढे गेला तर तो थंड झाल्यावर हॅमवर पसरत नाही. पातळ राहिला तर ओघळून ट्रेमध्ये जळतो. आखलेल्या प्रत्येक चौकटीच्या छेदावर एकेक लवंग खोचावी. ती शोभेसाठी आहे तशीच सुगंधासाठीही, परंतु वाढताना काढून टाकावी. लेपात मीठ मुळीच घालू नये.

लेप शेवटीच का, याचे कारण साखरेच्या स्वभावात आहे. साखर १६० अंशांच्या पुढे करपू लागते, मधातील फ्रुक्टोज तर त्याहून बरेच आधी. सुरुवातीपासून लावलेला लेप चार तासांत काळा आणि कडू होतो. शेवटच्या टप्प्यात दोन-तीन हात थोड्या थोड्या वेळाने दिले, की पातळ पापुद्रे एकावर एक चढून तकाकी येते. या वीस-तीस मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये. तकाकी आणि काजळी यांत फार मिनिटांचे अंतर नसते.

वीज गेली तर?

देखभाल-दुरुस्तीसाठी, विशेषतः गुरुवारी, वीजपुरवठा खंडित होण्याची सवय या औद्योगिक पट्ट्याला आहे. त्यामुळे आदल्या दिवशी महावितरणची सूचना पाहावी. चार-पाच तासांच्या या कामास सुमारे चार ते सहा युनिट वीज लागते. घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही.

वीज गेलीच, तर दार उघडू नये. अर्ध्या तासाचा खंड ओव्हनची साठलेली उष्णता सांभाळून नेते. तासाभरात वीज न आल्यास वाट पाहण्यात अर्थ नाही. हॅमचे बोटभर जाडीचे काप करून, प्रेशर कुकरमध्ये तळाशी पाणी घालून ते वाफवावेत आणि लेप कढईत गरम करून वरून ओतावा. अखंड हॅमचा रुबाब जातो, पण जेवण सुरक्षित राहते. अर्धवट तापलेला हॅम फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजणे हा मार्ग कटाक्षाने टाळावा.

जंतांविषयीचे समज

डुकराच्या मांसाविषयी दोन भीती प्रचलित आहेत. पहिली ट्रिकिनेला या सूक्ष्म कृमीची. हा कृमी ६३ अंशांवर खात्रीने मरतो, त्यामुळे वर दिलेल्या तापमानात त्याचा प्रश्न उरत नाही. दुसरी भीती मेंदूत जाणाऱ्या फीतकृमीची. येथे एक गफलत नेहमी होते. अर्धकच्चे दूषित मांस खाल्ल्याने आतड्यात फीतकृमी वाढतो. परंतु मेंदूत गाठी होऊन फिट्स येण्याचा आजार त्या कृमीच्या अंड्यांमुळे होतो. ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, न धुतलेल्या भाजीत आणि अस्वच्छ हातांवर येतात. म्हणूनच डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. थर्मामीटर जितका आवश्यक, तितकेच कोथिंबीर आणि सॅलड स्वच्छ धुणे आवश्यक.

दुसऱ्या बाजूने अतिरेकही टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये हॅम, बेकन, सॉसेज अशा प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश माणसात कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत केला. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तिचा निष्कर्ष आहे. शंभर ग्रॅम हॅममध्ये साधारण अडीच-तीन ग्रॅम मीठ असते आणि संघटनेच्या मते दिवसभराची मर्यादाच पाच ग्रॅमहून कमी आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी एका कापावर समाधान मानावे. सणाचा पदार्थ सणालाच शोभतो, या जुन्या समजुतीला येथे वैद्यकशास्त्राचीही साथ आहे.

उरलेला हॅम

वाढून झाल्यावर दोन तासांच्या आत उरलेले मांस हाडापासून सोडवून, उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. ते तीन-चार दिवस चांगले राहते. फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने. थंड काप पावात छान लागतात. हाड मसुरीसोबत वा वाटाण्यासोबत शिजवल्यास दाट सूप होते आणि त्यात वेगळे मीठ घालावे लागत नाही.

संमिश्र वस्तीच्या सोसायट्यांत आणखी एक पथ्य पाळले जाते. हॅमसाठी वापरलेली पाटी, सुरी आणि ट्रे वेगळे ठेवले जातात आणि टेबलावर त्या पदार्थाचे नाव स्पष्ट सांगितले जाते, म्हणजे डुकराचे मांस न खाणाऱ्या वा शाकाहारी पाहुण्याची नकळत फसगत होत नाही. त्यांच्यासाठी केक आणि करंज्या असतातच. वसईपासून देहूरोडपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतील नाताळाच्या फराळात, ज्याला ‘कुसवार’ म्हणतात, करंजीला केकइतकाच मान असतो.